आकाशात दम धरला तेव्हा

आकाशातून उडी मारायचं खूळ माझं नव्हतं, माझ्या नणंदेचं होतं. नवऱ्याची ही थोरली बहीण. आम्ही साताऱ्यातच, दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहतो. टेलिफोनच्या ऑफिसातून ती निवृत्त झाली आणि त्यानंतर तिला जे जे सुचत गेलं, त्यात सोबतीला बहुतेक वेळा मीच असायचे. अजिंक्यताऱ्यावर पहाटे चढून जाणं झालं. मोटारसायकल शिकणं झालं. पाचगणीला पॅराग्लायडिंगही झालं. तेव्हा मी पठारावर बसून स्ट्रॉबेरी खात तिची पर्स सांभाळली होती.

मग एका डिसेंबरात ती सकाळी सकाळी घरी आली. कऱ्हाडजवळच्या छोट्या धावपट्टीवर हिवाळ्यापुरतं स्कायडायव्हिंगचं शिबिर लागलंय, अशी बातमी घेऊनच आली. विमानातून खूप उंच जायचं, प्रशिक्षकाच्या पुढ्यात स्वतःला बांधून घेऊन उडी मारायची, थोडा वेळ नुसतं पडत राहायचं आणि मग पॅराशूट उघडायचं.

"या वेळी पर्स तुझा नवरा सांभाळेल," ती म्हणाली. "तू माझ्याबरोबर यायचंस."

"वन्सं, माझं वय बघा."

"आधी माझं बघ."

 नवरा पेपर वाचत होता. त्याने पेपर खाली न करताच विचारलं, "थर्मासमध्ये चहा न्यायचा की कॉफी?" आमच्या घरात परवानगी अशीच मिळते.

डॉक्टरांनी रक्तदाब बघितला, छाती तपासली, दोघींना ठणठणीत ठरवलं. आणि एका शनिवारी, अंधार नुकताच विरत असताना, आम्ही तिघं निघालो. उंब्रजच्या पुढे धुकं रस्त्यावर आलं होतं. ऊसतोडीचे ट्रॅक्टर त्या धुक्यातून आधी नुसत्या आवाजाने जवळ यायचे, मग दिव्यांनी, आणि मग अचानक उसाची हिरवी भिंत बाजूने सरकून जायची. मला वाटलं, आपण अजून झोपेतच आहोत. तो सगळा दिवसच तसा वाटत राहिला, झोपेच्या काठावर बसल्यासारखा.

माझा प्रशिक्षक पाटणकडचा होता. फौजेत पॅराट्रूपर होता, पेन्शन घेऊन घरी आला आणि घरी करमेना म्हणून पुन्हा उड्या मारायला लागला. गडी मध्यमवयीन, रुंद खांद्यांचा, आवाज मात्र अगदी मऊ. पट्टे आवळता आवळता तो मला समजावून सांगत होता.

"दारात आलं की मान मागं टाकायची, माज्या खांद्यावर. हात छातीपाशी. मी थाप मारली की हात पसरायचं. आन् श्वास चालू ठेवायचा, ताई. ह्ये इसरू नका."

मी हसले. श्वास घ्यायचा हे का कुणाला सांगावं लागतं?

विमान अगदी छोटं होतं. आत खुर्च्या नव्हत्या, आम्ही जमिनीवर पाय पसरून एकामागे एक बसलो होतो, लहान मुलं आगगाडी आगगाडी खेळतात तसे. ते घिरट्या घालत वर चढत राहिलं. खाली धुकं कापसासारखं पडलं होतं आणि त्यातून कुठे कुठे गुऱ्हाळांचा धूर सरळ वर येत होता. नणंद खिडकीला नाक लावून बसली होती. तिने एकदा वळून माझ्याकडे पाहिलं, तर तिचा चेहरा मला ओळखूच येईना; लग्नात पाहिलेल्या जुन्या फोटोतल्यासारखा, पंचवीस वर्षांच्या मुलीचा झाला होता तो.

दार उघडलं. थंडी आत आली, पाठोपाठ आवाज. नणंद आणि तिचा प्रशिक्षक दारात बसले, पुढे झुकले आणि नाहीसे झाले. गेले असं नाही, नाहीसेच झाले. मग आम्ही सरकलो. माझे पाय बाहेर लोंबत होते आणि पायांखाली काहीच नव्हतं. मी मान मागे टाकली, छाती भरून हवा घेतली, तोंड घट्ट मिटलं.

आणि पडलो.

त्यानंतरचं मला जे आठवतं ते सगळं माझ्या छातीतलं आहे. छाती भरलेली होती आणि कुलूप लावल्यासारखी बंद झाली होती. हवा चेहऱ्यावर आदळत होती, गालांत शिरत होती, कानात गर्जत होती. इतकी हवा आयुष्यात कधी माझ्या वाट्याला आली नव्हती, आणि त्यातली चिमूटभरही मला आत घेता येत नव्हती. नाकाने ओढायला गेले तर जागाच नाही. तोंड उघडावं तर ते उघडेना. खांद्यावर थाप बसली, मी हात पसरले. ते माझे हात आहेत हेही मला लांबून कुणीतरी सांगितल्यासारखं कळलं. डोळ्यांपुढे राखाडी ठिपके यायला लागले, उतू जाणाऱ्या दुधाच्या कडेला बुडबुडे येतात तसे. पण घाबरण्याइतकीही जागा आत उरली नव्हती. इतकंच वाटलं, अरेच्चा, असंच असतं का हे? एवढं सोपं?

मग वरून कुणीतरी बखोट धरून उचलल्यासारखा झटका बसला आणि जग एकदम गप्प झालं. पॅराशूट उघडलं होतं. माझ्या तोंडातून एक विचित्र आवाज निघाला, हुंदक्यासारखा, आणि मागोमाग हवा आत आली.

"ताई?" मागून आवाज आला. "ताई, कायतरी बोला."

"हं."

"श्वास घेतलाच न्हाई व्हय तुमी?"

"येईना."

"आता घ्या. सावकाश. गडबड न्हाई. आता आपल्याला वरनं कुनी हाकलत न्हाई."

मी श्वास घेत राहिले. खालची नदी, शेतं, डोंगर सगळं त्या वेळी समोर असणार; पण मी डोळे मिटून घेतले होते. गवतावर बसत बसत उतरलो तेव्हा नवरा धावत आला. त्याने थर्मास उघडायच्या ऐवजी माझे दोन्ही हात धरले आणि नखं बघितली. "निळी पडलीयत," तो म्हणाला. मग स्वतःच म्हणाला, "थंडीने असेल." पण हात सोडले नाहीत.

नणंद लांबून ओरडतच आली. "अगं, पाहिलंस का? ती दोन्ही पाणी वेगळी दिसतात! कोयना येऊन कृष्णेला मिळते ना, तिथे थोडा वेळ दोन्ही रंग शेजारी शेजारी चालतात! पाहिलंस ना?"

मी मान हलवली. होकार होता की नकार, ते तिने विचारलं नाही.

दोन्ही प्रशिक्षकांच्या मनगटांवर छोटे कॅमेरे होते. मंडपात बसून आम्ही चित्रफीत पाहिली. नणंद तिच्या चित्रफितीत तोंड उघडं टाकून हसत होती, केस उभे राहिले होते, आनंदाने वेडी झालेली. माझ्या चित्रफितीत एक बाई होती, गाल फुगवलेली, ओठ घट्ट मिटलेली, डोळे एका जागी खिळलेले. तिच्या मागे इतकं निळं आकाश होतं, आणि तिला त्याची खबरही नव्हती.

पाटणकर प्रशिक्षक माझ्या शेजारी उकिडवा बसून बघत होता. त्याने चित्रफीत मध्येच थांबवली.

"पवता काय तुमी, ताई?"

"पोहते. का हो?"

"वाटलंच. बुडी मारनारं मानूस असंच करतं. दम भरायचा, त्वांड मिटायचं, आन् टाकली उडी. ह्ये बगा." त्याने पडद्यावरच्या माझ्या गालांवर बोट ठेवलं. "ही बाई पान्यात हाय."

 खरंच होतं ते. माझं माहेर सांगलीचं, घर घाटाच्या जवळ. वडिलांनी माझ्या पाठीला रिकामा डबा बांधून मला कृष्णेत सोडलं ते पहिलीत असताना. पुढे डबा सुटला आणि पाणी राहिलं. आमच्या घाटावर सगळ्यात जास्त वेळ पाण्याखाली राहायची ती मी. वर आले की काठावरच्या बायका म्हणायच्या, कार्टी बुडाली वाटलं. आणि एका वर्षी पाणी चांगलं चढलेलं असताना, मुलं पुलावरून उड्या मारत होती तेव्हा, मीही मारली. कठड्यावर उभी राहिले, छाती भरून घेतली, तोंड मिटलं. घरी कळल्यावर आईने चांगलंच बदडलं. पण पाण्याखालचा तो हिरवट काळोख आणि छातीत जपून ठेवलेली हवा, हे माझ्या आयुष्यातल्या सुंदर गोष्टींपैकी एक होतं. तिथे श्वास न घेणं हेच शहाणपण होतं. माझ्या अंगाला उंचावरून पडायचं म्हणजे खाली पाणी आहे, एवढंच ठाऊक.

"मग करायचं काय?" मी विचारलं.

"वरडायचं. न्हाईतर गानं म्हनायचं. बोलायला लागलं की दम भाईर जातोय, आन् भाईर गेला की आत यायला वाट हुती. पयल्यांदा मीबी असाच गुदमारलो हुतो. फौजेतला उस्ताद म्हनला, शिव्या दे. मी आपल्या गावाकडच्या समद्या शिव्या दिल्या. निम्म्या त्याला कळल्याच न्हाईत, म्हनून वाचलो."

आम्ही सगळे हसलो. नवराही हसला, पण तो माझ्याकडे बघत होता.

घरी आल्यावर दिवसभर मी इकडून तिकडे वावरत होते. भाजी निवडली, फोन घेतले. शेजारणी विचारत होत्या, कसं वाटलं, वरून काय काय दिसलं? मी नणंदेने सांगितलेलं सांगत होते. दोन रंगांचं पाणी. कापसासारखं धुकं. सांगता सांगता मला स्वतःचंच नवल वाटत होतं, कारण मी तिथे होते आणि तरी नव्हते. एवढ्या उंचावर गेले, एवढ्या मोठ्या आकाशातून खाली आले, आणि बरोबर काय आणलं? एक बंद छाती. कुणी देवळात जाऊन यावं आणि गाभाऱ्यात डोळ्यांत काहीतरी गेल्यामुळे देव दिसूच नये, तसं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे डोळे उघडले तेव्हा मी ठरवून उठले नव्हते, ठरलेलंच होतं. चहा घेताना म्हणाले, "मला परत जायचंय."

नवऱ्याने कप खाली ठेवला.  "काल तुझी नखं निळी होती," एवढंच म्हणाला.

"माहीत आहे."

"मग?"

"मला काही दिसलंच नाही रे."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग उठला, गाडीची किल्ली घेतली, आणि बहिणीला फोन लावला. "अगं, आवर," तो म्हणाला. "हिला काल आकाश दिसलं नाही म्हणते."

पाटणकर मला बघून उठून उभाच राहिला. "आलाच तुमी!" पट्टे आवळताना त्याने विचारलं, "काय म्हननार? गानं की शिव्या?"

गाणं मला एकही सुचेना. शिव्या येत होत्या, पण नवरा शेजारी उभा. "बघते," मी म्हणाले.

विमान पुन्हा घिरट्या घालत चढलं. त्या दिवशी धुकं कमी होतं. नणंद या वेळी शेवटी बसली होती. आधी आम्ही जाणार होतो, तिने तसं सांगूनच ठेवलं होतं. "तू पुढे हो, मी आहे मागे," ती म्हणाली. तशी ती माझं लग्न झाल्यापासून माझ्या पुढेच असायची. मागे आहे म्हणाली तेव्हा मला उगाच भरून आलं.

दारात बसलो. खाली पाहिलं तर महामार्ग दिसला. एवढ्या उंचावरून तो कुणी पांढऱ्या दोऱ्याने टाका घातल्यासारखा होता, वर साताऱ्याच्या बाजूने येऊन खाली सांगलीकडे निघालेला. लग्नानंतरची कितीतरी वर्षं मी त्याच रस्त्याने एसटीने माहेरी गेले आहे. पोरं मांडीवर, डोकं खिडकीला, आणि कंडक्टरच्या हाळ्या अर्धवट झोपेत ऐकत. छाती आपोआप भरायला लागली, तोंड मिटायला लागलं, आणि तेवढ्यात आम्ही झुकलो.

"शेंद्रे!" मी ओरडले.

कसं तोंडातून आलं कुणास ठाऊक. पण आलं, आणि त्याच्याबरोबर छातीतली हवा बाहेर गेली, आणि रिकाम्या जागेत नवी आली. थंड, पातळ, दातांना झोंबणारी.

"नागठाणे!"

आली.

"अतीत! काशीळ! उंब्रज!"

प्रत्येक गावाला एक श्वास. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता, तो तोंडातून निघताच वर उडून जात होता. पण माझ्या छातीला कळत होतं की बस चालू आहे. खांद्यावर थाप बसली, मी हात पसरले, आणि या वेळी ते माझेच हात होते. हवा खालून येत होती आणि मला उचलून धरत होती. पडतोय असं वाटतच नव्हतं. गादीवर पालथं पडून खिडकीतून अंगण बघावं, तसं मी पृथ्वी बघत होते.

"कऱ्हाड!" मी ओरडले, आणि खाली खरोखरच कऱ्हाड होतं.

कोयना येत होती. कृष्णा समोरून येत होती. दोघी तोंडाला तोंड लावून भेटत होत्या आणि मग भांडण मिटल्यासारख्या एकत्र वळून जात होत्या. नणंद म्हणाली होती तसे दोन रंग मला दिसले नाहीत. मला दिसला एक मऊ, दुधी उजेड, पाण्यावर पडलेला. पश्चिमेला डोंगर एकामागे एक, पुढचा हिरवा, मागचा निळा, त्यामागचा नुसताच भास. पूर्वेला उसाची हिरवळ विरळ होत होत तपकिरी व्हायची आणि अगदी टोकाला, बहुधा जतच्या बाजूला, जमीन आणि आकाश एकाच राखाडी रंगात संपून जात होते. मधे सगळीकडे छोटी छोटी शेतं, गोधडीच्या ठिगळांसारखी. त्यात कुठेतरी माझा नवरा उभा होता. एवढ्या पसाऱ्यात तो एक माणूस माझा आहे, याची मला फार गंमत वाटली.

"वाठार! कासेगाव! नेर्ले!" मी हसत होते. हसतानाही श्वास येतो, हे मला नवीनच कळलं.

"पेठ!"

आणि पेठ नाक्यावर पॅराशूट उघडलं.

झटका बसला, गर्जना थांबली. आम्ही शांततेत लोंबकळत राहिलो. खालून कुठून तरी कुत्र्याचं भुंकणं ऐकू आलं, इतकं स्पष्ट की मी आजूबाजूला बघितलं.

मागून पाटणकर म्हणाला, "ताई, ह्यो तर सातारा-सांगली गाडीचा रूट हाय न्हवं?"

"ऐकू आलं तुम्हाला?"

"काय काय आलं. मग पेठला गाडी का थांबली? सांगली यायची हाय की अजून."

मग मी पुढची गावं सावकाश म्हटली. इस्लामपूर. आष्टा. तुंग. कुणी घाई करत नव्हतं. प्रत्येक गावानंतर तो मागून "हं" म्हणायचा, गोष्ट ऐकणाऱ्यासारखा. पॅराशूट वळत होतं, तसा सूर्य कधी माझ्या डाव्या गालावर यायचा, कधी उजव्या. "सांगलीवाडी," मी म्हणाले. आई गेल्यापासून मी सांगलीच्या स्टँडवर उतरले नव्हते. भाऊ पुण्याला, घर विकलेलं. पुढचं शेवटचं गाव मी म्हटलं की नाही, मला आठवत नाही. बहुतेक मनातच म्हटलं असेल.

"पाय वर घ्या," पाटणकर म्हणाला, आणि गवत आलं.

थोड्या वेळाने नणंद उतरली. या वेळी ती ओरडत आली नाही. हळूहळू चालत आली, माझ्या शेजारी गवतात बसली, आणि गॉगल काढून म्हणाली, "दिसलं?"

"दिसलं."

"मग सांग."

मी सांगायला गेले, तर मला शब्द मिळेनात.  शेवटी ती म्हणाली, "असू दे. मलाही काल सांगता आलं नव्हतं. ते दोन रंग मी लोकांना सांगायला म्हणून शोधले." आणि आम्ही दोघी तशाच बसून राहिलो. शिबिरातल्या कुणीतरी आम्हाला उठवलं, तिथे पुढची मंडळी उतरणार होती म्हणून.

परत येताना ती मागच्या सीटवर झोपून गेली. तोंड उघडं, डोकं काचेवर. दोन दिवसांत पहिल्यांदा ती तिच्या वयाची दिसली. नवरा गाडी चालवत होता आणि दर थोड्या वेळाने मान एका बाजूला वळवून कळवळत होता. काय झालं विचारलं तर काही नाही म्हणाला.

घरी आल्यावर मी त्याला पाटावर बसवलं आणि कोमट तेल घेऊन मान चोळायला लागले. मानेच्या शिरा दोरखंडासारख्या ताठ झाल्या होत्या.

"असं काय केलंस?" मी विचारलं.

"वर बघत होतो."

"दोन दिवस?"

"दोन्ही वेळा." तो डोळे मिटून होता. "विमानातून दोन ठिपके पडायचे. एवढ्या लांबून त्यातली तू कुठली आणि ती कुठली हे मला कळेना. मग मी आळीपाळीने दोघींकडे बघत राहिलो."

 तेल मुरेपर्यंत मी त्याची मान चोळत राहिले.